ओपनएसएसएचमधली २०२१ ची त्रुटी: खातं बदललं, पण जुने गट तसेच राहिले

दूरच्या लिनक्स सर्व्हरमध्ये लॉगिन करायचं, तर बहुतेक ठिकाणी ओपनएसएसएच वापरलं जातं. त्याचा सर्व्हरवर सतत चालू असणारा भाग म्हणजे 'एसएसएचडी'. तो 'रूट' या सर्वाधिकारी खात्याखाली चालतो, त्यामुळे त्यातली छोटी चूकही महागात पडू शकते.

मोठ्या कंपन्यांत प्रत्येक कर्मचाऱ्याची पब्लिक की प्रत्येक सर्व्हरवर साठवणं कटकटीचं असतं. म्हणून २०१३ च्या ६.२ आवृत्तीत 'ऑथराइज्ड कीज कमांड' ही सोय आली. कोणी लॉगिन करू लागलं की एसएसएचडी एक छोटा मदतनीस प्रोग्राम चालवतो आणि तो मध्यवर्ती यादीतून की आणून देतो. हा मदतनीस रूटच्या ताकदीने चालू नये म्हणून त्याला कमी अधिकारांचं वेगळं खातं देता येतं.

गडबड इथेच होती. लिनक्समध्ये प्रोग्रामला काय करता येईल हे त्याचं खातं आणि मुख्य गट यांच्याबरोबरच पूरक गटांवरही ठरतं. एसएसएचडी खातं आणि मुख्य गट बदलायचा, पण पूरक गट स्वतःचेच राहू द्यायचा. साहेबांनी माणसाचं ओळखपत्र बदलावं आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून घ्यायला विसरावं, तसं.

नुकसान किती, हे जुडग्यात कोणत्या किल्ल्या आहेत त्यावर ठरतं. उदाहरणार्थ, त्यात 'डिस्क' गट असेल तर अख्खी डिस्क थेट वाचता येते, मग फाइलींवरच्या परवानग्यांना अर्थ उरत नाही. शिवाय हा मदतनीस लॉगिन पूर्ण होण्याआधीच चालतो आणि बाहेरच्या माणसाने टाकलेलं युजरनेम त्याच्या हाती पडू शकतं. त्याच्यातच एखादी चूक असेल, तर हे फुकटचे अधिकार हल्लेखोराच्या उपयोगी पडतील. एकट्या या त्रुटीने मात्र कोणालाही सर्व्हरमध्ये शिरता येत नाही.

ही सोय मुळात बंदच असते, त्यामुळे घरगुती किंवा साध्या सर्व्हरना फारशी भीती नव्हती. २६ सप्टेंबर २०२१ रोजी आलेल्या ८.८ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. म्हणजे चूक तब्बल साडेआठ वर्षं तशीच होती! त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०२१-४१६१७.

नुसता आवृत्तीचा आकडा पाहून मात्र निष्कर्ष काढू नये. डेबियन, रेड हॅटसारख्या लिनक्स वितरणांत जुना आकडा तसाच ठेवून आत दुरुस्ती बसवली जाते. आपल्या वितरणाच्या सुरक्षा सूचनेत हा क्रमांक शोधला की खरं चित्र कळतं.