दुगाडची लढाई (डिसेंबर १७८०)

दुगाड हे गाव भिवंडीच्या उत्तरेस असून, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल गॉडर्डने वसईच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा पुण्याहून निघालेली कुमक तेथवर पोहोचू नये म्हणून कर्नल हार्टलेची फौज येथे आडवी उभी होती. तिच्यावर मराठा सेनानी रामचंद्र गणेश कानडे यांनी निकराचे हल्ले चढवले. १२ डिसेंबरच्या सकाळी दाट धुक्याचा फायदा घेऊन ते निवडक शिपायांसह टेकडीवरील मोर्चाला, म्हणजे आडभिंत उभारून तोफा चढवलेल्या जागेला, जाऊन भिडले, पण तेवढ्यात धुके एकाएकी विरले, समोरून मारा सुरू झाला आणि ते धारातीर्थी पडले. वसई आदल्याच दिवशी इंग्रजांच्या हाती गेली होती, त्यामुळे ज्या किल्ल्यासाठी हा सेनानी झुंजला तो तेव्हा मराठ्यांचा उरलाच नव्हता, ही या प्रसंगातील सर्वांत जिव्हारी लागणारी बाब होय. १७७९ मधील वडगावच्या विजयापुढे दुगाडची आठवण मागे पडावी, हे न्याय्य नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई पेशव्यांना परत मिळाली. साष्टी, म्हणजे मुंबईलगतचे ठाण्यासह असलेले बेट, मात्र इंग्रजांकडेच राहिले.