होमोसिस्टीन, फॉलिक अ‍ॅसिड आणि परळची गोष्ट

फुल बॉडी चेकअपच्या रिपोर्टवर होमोसिस्टीनचा आकडा ठळक छापलेला दिसला की मिरा-भाईंदरमधले माझे रुग्ण घाबरून येतात. "डॉक्टर, हार्टसाठी फॉलिक अ‍ॅसिड सुरू करू का?" काहींनी तर ते सुरू करून कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंदही केलेली असते. म्हणून ही जुनी गोष्ट सांगतो. ती लोकलने तासाभरावर असलेल्या परळची आहे.

१९२८ साली डॉ. लूसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी गरोदर बायकांच्या एका गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास केला. या बायकांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. विल्स यांना संशय आला तो या गरीब बायकांच्या ताटाचा. यीस्टचा खारट, काळपट अर्क, म्हणजे पावाला लावायचं मार्माइट, त्यांनी देऊन पाहिलं आणि रक्त भरू लागलं! १९३१ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड. पुढे १९४५ च्या सुमारास येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने अमेरिकेत ते कृत्रिमरीत्या तयार केलं.

हृदयाशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. ज्या मुलांच्या रक्तात जन्मजात दोषामुळे होमोसिस्टीन फार वाढतं, त्यांच्या रक्तवाहिन्या लहानपणीच खराब होतात, हे १९६९ मध्ये किल्मर मॅककली यांनी दाखवलं. फॉलिक अ‍ॅसिड, बी-६ आणि बी-१२ ने होमोसिस्टीन उतरतं. मग हार्ट अटॅकही टळायला हवा, नाही का? तर्क बिनतोड होता. मलाही पटला होता.

२००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. नॉर्वेत हार्ट अटॅक येऊन गेलेले ३,७४९ रुग्ण, दुसरीत हृदयविकार किंवा मधुमेह असलेले ५,५२२. होमोसिस्टीन उतरलं, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. दुसऱ्या चाचणीत पक्षाघात थोडे घटले, एवढंच.

त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होतं. म्हणजे आपल्याकडे वाढलेलं होमोसिस्टीन बहुधा बी-१२ ची कमतरता सांगत असतं. ती भरून काढायचीच, पण रक्तासाठी आणि मज्जातंतूंसाठी. तेव्हा नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं आणि पायांच्या मुंग्या मात्र वाढत राहतात.

तपासायला येताना रिपोर्टबरोबर सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, बंद केलेल्यांचीसुद्धा.