घाटकोपर : दारातली प्रतवारी आणि दूरध्वनीवरची प्रतवारी

रुग्णांची तातडीनुसार विभागणी करून कोणाकडे आधी पाहायचे हे ठरवण्याच्या पद्धतीला ‘ट्रायेज’ म्हणतात. निवडणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेल्या या शब्दाला मराठीत प्रतवारी म्हणता येईल. घाटकोपरमध्ये ती दीर्घकाळ राजावाडी रुग्णालयाच्या अपघात विभागाच्या दारातच होत आली. जुलै २००० मधील आझादनगरची दरड असो वा २००२ आणि २००३ मधील बसगाड्यांतील स्फोट, मिळेल त्या वाहनाने जखमींना जवळच्या रुग्णालयात पोहोचवण्याची मुंबईची रीत होती, आणि प्रतवारी चुकली तरी रुग्ण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे ती सुधारण्यास वाव राही.

२००५ मध्ये मुंबईत १२९८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि २६ जानेवारी २०१४ पासून राज्यभर १०८ क्रमांकाची. तिच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत, तर ७०४ मूलभूत जीवरक्षक साधनांच्या होत्या. मध्यवर्ती कक्ष पुण्यात असल्याने पहिला निर्णय आता रुग्ण न पाहता, केवळ ऐकून घ्यावा लागू लागला.

चुकीचे मूळ या ऐकण्यातच असते. घाटकोपरमधून येणारा दूरध्वनी मराठीत असेल, गुजरातीत असेल किंवा हिंदीत. सांगणारा बहुधा ‘छातीत दुखते’ असे म्हणत नाही, तो ‘गॅस झालाय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘अंग गळून गेलंय’ असे म्हणतो, आणि मधुमेही किंवा वृद्ध रुग्णाच्या हृदयविकाराचा झटका अनेकदा याच शब्दांत लपलेला असतो. गंभीर रुग्ण किरकोळ ठरणे ही न्यून-प्रतवारी, तर किरकोळ रुग्ण गंभीर ठरणे ही अति-प्रतवारी. दुसरीत प्रगत रुग्णवाहिका अडकून पडते, पहिलीत माणूस जातो.

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीत डॉ. जेफ क्लॉसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ठरावीक प्रश्नांची पद्धत रचली, ती गंभीर-किरकोळ हा निर्णय व्यक्तीच्या अंदाजावर राहू नये म्हणून. तरीही चूक शोधायची तर ध्वनिमुद्रित संभाषण, रुग्णवाहिकेतील डॉक्टरची नोंद आणि रुग्णालयाच्या केसपेपरवरील अंतिम निदान एकमेकांशी ताडून पाहावे लागते. त्यातही केवळ तक्रार आलेली प्रकरणे तपासून भागत नाही, कारण न्यून-प्रतवारी शोधावी लागते ती ‘किरकोळ’ म्हणून मिटलेल्या नोंदींतच. घाटकोपरमधल्या असल्फ्याच्या टेकडीवर, जेथे गाडी पायथ्याशी थांबते आणि रुग्णाला अरुंद पायऱ्यांवरून उचलून खाली आणावे लागते, तेथे अशा एका नोंदीची किंमत आणखी वाढते.