आकड्यांच्या तराजूत देश

वर्तमानपत्र उघडले की महिन्यातून एकदा तरी एखादी यादी आपल्या दृष्टीस पडतेच. दरडोई उत्पन्नात अमुक देश पहिला, आयुर्मानात तमुक देश पहिला, आणि आपण कुठे तरी शंभराच्या पलीकडे. यादी वाचून कोणी खंतावतो, कोणी चिडतो, तर कोणी 'हे सगळे परक्यांचे कारस्थान' म्हणून पान उलटतो. पण वाचकहो, ही यादी करण्याची कल्पना मुळात कोणाला सुचली, आणि तिचा उपयोग आपल्याच माणसांनी एके काळी कसा करून घेतला, हे फारसे कोणी विचारत नाही. आज आपण तेवढेच पाहू.

देशाची थोरवी राजाच्या पराक्रमावरून किंवा किल्ल्यांच्या संख्येवरून न ठरवता माणसे, जमीन, जहाजे आणि उत्पन्न मोजून ठरवावी, हा विचार सतराव्या शतकात इंग्लंडात पुढे आला. सर विल्यम पेटी हा त्याचा मोठा पुरस्कर्ता. हा गृहस्थ मुळात वैद्य. ऑक्सफर्डला शरीरशास्त्र शिकवीत असे. पुढे आयर्लंडच्या जमिनीची मोजणी त्याने केली. त्याने आपल्या नव्या शास्त्राला 'राजकीय अंकगणित' असे नाव दिले. त्या नावाचे त्याचे पुस्तक लिहून झाले १६७० नंतरच्या दशकात, पण छापले गेले १६९० साली, म्हणजे तो वारल्यावर तीन वर्षांनी. कारण सरळ आहे. इंग्लंड हे फ्रान्सपेक्षा कमी नाही असे त्यात दाखविले होते, आणि फ्रान्सच्या राजाला दुखविण्याची त्या वेळी इंग्लंडच्या दरबाराची तयारी नव्हती.

पेटीने लंडन आणि पॅरिस या शहरांचीही तुलना केली. जनगणना तर नव्हतीच. मग लोक मोजायचे कसे? त्याने दफनांच्या नोंदी घेतल्या आणि वर्षाला तिसांत एक माणूस मरतो असे धरून दफनांच्या सरासरीला तिसाने गुणले. लंडनची वस्ती जवळजवळ सात लाख निघाली. पॅरिसचे गणित करताना मात्र त्याने आधी तिथल्या मोठ्या इस्पितळात 'विनाकारण' मेलेले लोक दफनांतून वजा केले आणि मग तिसाने गुणले. साहजिकच पॅरिस पाच लाखांच्या आत बसले! इस्पितळ वाईट होते यात शंका नाही. पण आपल्या पारड्यावर अंगठा कसा ठेवावा, हेही या शास्त्राच्या जन्मदात्यानेच शिकवून ठेवले असे म्हणावे लागते. त्याच्यामागून १६९६ साली ग्रेगरी किंग याने इंग्लंड, फ्रान्स आणि हॉलंड यांचे माणशी उत्पन्न काढले आणि चिमुकल्या हॉलंडला इंग्लंडच्याही थोडे वर बसविले. हा माणूस अधिक प्रामाणिक वाटतो.

यानंतरचा दीडशे वर्षांचा इतिहास थोडक्यात उरकू. स्वीडनने १७४९ साली लोकसंख्येचे तक्ते ठेवायला आरंभ केला, अमेरिकेची पहिली शिरगणती १७९० ची, इंग्लंडची १८०१ ची. १८५३ साली ब्रुसेल्सला निरनिराळ्या देशांचे संख्याशास्त्री प्रथमच एकत्र बसले, कारण प्रत्येक देशाचा गज वेगळा असेल तर कापड मोजून काय फायदा?

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात आकडे गोळा होत होते ते सरकारच्या सोयीसाठी, सारा किती बसवायचा आणि तो वसूल किती होतो हे पाहण्यासाठी. या आकड्यांनाच सरकारविरुद्ध साक्षीला उभे केले ते दादाभाई नौरोजींनी. दादाभाई एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८७६ साली त्यांनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यात १८६७-६८ या वर्षाचा हिशेब होता. पद्धत शेतकऱ्यालाही समजावी अशी. प्रत्येक प्रांतातली मुख्य पिके घ्यायची, एकरी उतारा किती, पेरा किती एकर, बाजारभाव काय, आणि मग सरळ गुणाकार. त्यात मीठ, खाणी, कारागिरी वगैरेंची भर घालून एकूण उत्पन्न आले ३४ कोटी पौंड. ब्रिटिश मुलुखातली माणसे १७ कोटी. भागाकार तोंडी होतो : माणशी दोन पौंड, म्हणजे त्या वेळचे २० रुपये. वर्षाचे!

पुढे १८८७ साली एका इंग्रज मुत्सद्द्याला उत्तर देताना दादाभाईंनी मायकेल मुल्हॉल या संख्याशास्त्रज्ञाचे इतर देशांचे आकडे या दोन पौंडांशेजारी मांडले. ग्रेट ब्रिटन व आयर्लंड ३५ पौंड, फ्रान्स सुमारे २६, जर्मनी सुमारे १९, झारचा रशियासुद्धा सुमारे १०. आणि हिंदुस्थान २. इंग्रजी राज्याने या देशाची भरभराट केली असे म्हणणाऱ्याला ही ओळ वाचून दाखविली, की पुढे व्याख्यान द्यावे लागत नसे.

पण समोरची माणसेही काही कच्ची नव्हती. त्यांचा एक आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे. ते म्हणत, हिंदुस्थानात स्वस्ताई आहे. लंडनात एका शिलिंगाला जे मिळते त्याच्या कितीतरी पट इथे मिळते. तेव्हा पौंडाला पौंड लावून तुलना करणे चूक. मुद्दा बरोबर आहे. दादाभाईंनी त्याला दिलेले उत्तर मला त्यांच्या सगळ्या लिखाणात सर्वांत तल्लख वाटते. त्यांनी पौंड बाजूला ठेवला आणि रुपयाची तुलना रुपयाशीच केली. सरकारच्याच अहवालांतून त्यांनी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा वार्षिक खर्च काढला. तो खर्च माणशी वीस रुपयांहून अधिक होता. म्हणजे देशाचे सगळे उत्पन्न सगळ्यांना अगदी सारखे वाटून दिले असते, तरी चोरी न केलेल्या माणसाच्या वाट्याला चोराइतकेही आले नसते. यापुढे स्वस्ताईचा मुद्दा कोण काढणार?

तरी वाद चालूच राहिला. १८८२ साली बेअरिंग आणि बार्बर या दोघा अधिकाऱ्यांनी २७ रुपये हा आकडा काढला. १९०१ साली लॉर्ड कर्झनने ३० रुपये सांगितला आणि पाहा, प्रगती होते आहे, असे सुचविले. त्याच साली विल्यम डिग्बी या इंग्रजानेच एक जाडजूड ग्रंथ लिहून आकडा १८ च्या आसपासच आहे असे प्रतिपादन केले. आधीच्या पाच वर्षांत दोन भयंकर दुष्काळ पडून गेले होते, हे आपल्या लक्षात आहेच. हिशेबात त्रुटी सर्वांच्याच होत्या. दादाभाईंनी फक्त मालाचे मोल धरले; न्हावी, वैद्य, शिक्षक, गाडीवान यांचे श्रम धरले नाहीत. आजच्या पद्धतीने ते धरावे लागतात. पण ते धरूनही दोनाचे पस्तीस झाले नसते.

आता दुसरा गणिताचा मास्तर. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवीत, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कितीतरी शाळांतून चालत असे. १९१० च्या मार्च महिन्यात त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याच्या दिशेने पाऊल टाकावे असा ठराव मांडला. त्या भाषणात त्यांनी एक तक्ता वाचला. एकूण लोकसंख्येपैकी शेकडा किती माणसे प्राथमिक शिक्षण घेत आहेत? अमेरिकेत २१. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्वित्झर्लंड, ब्रिटन येथे १७ ते २०. जर्मनी, नॉर्वे, हॉलंड वगैरेंत १५ ते १७. फ्रान्समध्ये १४ च्या किंचित वर. जपानात ११. इटली, ग्रीस, स्पेन येथे ८ ते ९. पोर्तुगाल व रशियात ४ ते ५. आणि ब्रिटिश हिंदुस्थानात १.९.

हे आकडे वाचून आपल्यापैकी चौकस माणूस विचारील, की एकूण लोकसंख्येशी प्रमाण का काढायचे? शाळेत जातात ती मुले. म्हाताऱ्याकोताऱ्यांना हिशेबात धरून काय उपयोग? शंका रास्त आहे. त्या काळी सरकारी अहवालांत शंभर माणसांमागे १५ मुले शाळेच्या वयाची धरीत. तेव्हा १.९ ला १५ ने भागा. शंभर मुलांपैकी जेमतेम १३ शाळेत, हे उत्तर येते. पुन्हा, फ्रान्समध्ये जननमान उतरलेले होते, मुले कमी; आपल्याकडे शंभरात मुले अधिक. म्हणजे मुलांच्या प्रमाणात पाहिले तर दोन देशांतले अंतर तक्त्यात दिसते त्याहून मोठेच भरते. उलट बाजूही आहे. जिथे शाळा सात-आठ वर्षांची तिथे पटावर मुले जास्त दिसणार, आणि जिथे चारच वर्षांची तिथे कमी. तेवढी सूट आपल्याला द्यावी लागते. पण सूट देऊन देऊन किती देणार? जपानने तर १९०७ सालीच चार वर्षांची सक्ती सहा वर्षांवर नेली होती.

तुलना कोणाशी करायची, हीच खरी मख्खी असते. इंग्लंडचे उदाहरण दिले की उत्तर तयार असे : ते देश श्रीमंत, तिथली हवा वेगळी, समाज वेगळा. गोखल्यांनी म्हणून यादीत जपान घेतला, कारण तो आशियातला. फिलिपाइन्स घेतला, कारण तोही परक्यांच्या ताब्यात, आणि तेही अमेरिकेच्या हाती येऊन उणीपुरी बारा वर्षे झालेली. तिथे प्रमाण ५ होते. पण त्यांचा हुकमाचा पत्ता घरातलाच होता : बडोदे संस्थान.

सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. तेच हवापाणी, त्याच जाती, तीच गरिबी, शेजारीच इंग्रजी मुलूख. १९११ साली आपले विधेयक मांडताना गोखल्यांनी दोन्हींचे आकडे शेजारीशेजारी ठेवले. एकूण लोकसंख्येपैकी शाळेत असणारे बडोद्यात शेकडा ८.६, इंग्रजी मुलुखात १.९. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी बडोद्यात ७९.६, इंग्रजी मुलुखात २१.५. मुलींपैकी बडोद्यात ४७.६, आणि इंग्रजी मुलुखात ४. मघाचा आपला भागाकार आठवतो ना? २१.५ आणि ४ यांची सरासरी काढून पाहा, तेच तेरा येतात. आकडे खरे असले की ते असे एकमेकांची साक्ष देतात.

इतके करून विधेयक होते तरी किती सौम्य! सक्ती फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना. तीही जिथली नगरपालिका किंवा लोकल बोर्ड मागेल तिथे. आणि तेसुद्धा ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तर. विरोधकांनी तक्त्यातला एकही आकडा खोटा ठरविला नाही. लोकांची मागणीच नाही, खर्च परवडायचा नाही, असे म्हणून ते मोकळे झाले. १९१२ च्या मार्चमध्ये मतदान झाले : बाजूने १३, विरुद्ध ३८. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले. मुंबई इलाख्यात सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने झाला, तोही नगरपालिकांच्या हद्दीपुरताच. १९११ च्या खानेसुमारीत साक्षर कोण, याची कसोटी होती मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे आलेले उत्तर वाचता यावे. शंभरात सहाजण उतरले नाहीत त्या कसोटीला.

स्वराज्यानंतर हिशेबाचे काम आपल्याकडे आले. १९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर महालनोबीस अध्यक्ष होते, आणि सभासद होते डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव व पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. त्यांनी १९४८-४९ चे दरडोई उत्पन्न काढले ते २५० रुपयांच्या आसपास. दादाभाईंच्या विसाशी हे ताडून पाहण्याचा मोह होईल, पण मधल्या ऐंशी वर्षांत रुपयाच पालटला होता, हे ध्यानात ठेवावे.

स्वस्ताईचा जुना आक्षेपही नीट गणितात बसविला गेला. १९६८ पासून अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात क्रॅव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने, देशोदेशींच्या किमती जमविण्याचे काम हाती घेतले. सदाशिव पेठेतला न्हावी आणि न्यूयॉर्कचा न्हावी डोक्यावरून तीच कात्री फिरवतो. मजुरीत मात्र जमीनअस्मानाचे अंतर. चलनाच्या बाजारदराने हिशेब केला तर आपला न्हावी फुकट काम करतो असेच दिसेल. म्हणून आता क्रयशक्तीचा वेगळा दर धरतात. त्या दराने भारतीयाचे सरासरी उत्पन्न बाजारदराच्या हिशेबापेक्षा चौपटीच्या आसपास भरते. दोन्ही आकडे वर्तमानपत्रांत येतात, आणि ज्याला जो सोयीचा तो ते वापरतो. पेटीचा अंगठा अजून पारड्यावरच आहे म्हणायचा! १९९० पासून संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिहींचा मिळून निर्देशांक येऊ लागला. ही कल्पना उचलून धरली ती पाकिस्तानच्या महबूब उल हक यांनी. अमर्त्य सेन यांचे त्यांना साहाय्य होते. नुसत्या पैशावर देश तोलू नये, शाळेतली मुलेही मोजावीत, हे त्यात आलेच.

आता राहिला भागाकारातला खालचा आकडा. दरडोई म्हटले की डोकी आली. दादाभाईंना १७ कोटी हा आकडा अंदाजानेच घ्यावा लागला, कारण सबंध देशाची एकाच वेळी शिरगणती झाली ती १८८१ साली. तेव्हापासून दर दहा वर्षांनी ती होत गेली. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४१ सालीसुद्धा ती चुकली नाही. २०११ साली आपण १२१ कोटी भरलो. २०२१ ची गणना मात्र कोरोनाच्या साथीमुळे ठरल्या वेळी झाली नाही. २०२३ साली भारताने लोकसंख्येत चीनला मागे टाकले अशी बातमी जगभर झळकली. ती काढली होती संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजावरून, आणि त्यानंतर कितीतरी याद्यांत भारतापुढे जो दरडोई आकडा छापून आला, त्याच्या तळाशी हाच अंदाज होता.