सर्वशक्तिमान नायकाची अडचण

सर्वशक्तिमान नायक कल्पनेत उभा करणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते त्याची गोष्ट पुढे चालवणे. ज्याला अशक्य असे काहीच नाही त्याच्यावर संकट येणार कसे, आणि संकटच नसेल तर ऐकणाऱ्याने कान द्यावा कशासाठी? आपल्या पुराणकारांनाही हे कोडे ठाऊक होते. हिरण्यकशिपूला दिवसा मरण नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, अशी वराची तटबंदी त्यांनी उभी केली आणि तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, तिला वाट ठेवली. हेच कोडे विसाव्या शतकात अमेरिकेतील दोन तरुणांपुढे आले. त्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलंड शहरातील शाळासोबती, दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. 1938 साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या चित्रकथा-मासिकाच्या पहिल्या अंकात त्यांचा सुपरमॅन अवतरला. त्या वेळचा सुपरमॅन पुढच्या मानाने बेताचाच होता. तो उडत नसे. एका उडीत मैलाचा अष्टमांश ओलांडी. फुटणाऱ्या तोफगोळ्याने त्याची कातडी भेदली जाईल, असे त्याच अंकात नमूद होते. पण खप वाढला तसे सामर्थ्यही वाढले. थोड्याच वर्षांत तो भिंतीपलीकडचे पाहू लागला, मग आकाशात विहरू लागला.

मग युद्ध आले. फेब्रुवारी 1940 मध्ये ‘लुक’ या नियतकालिकासाठी सीगल-शुस्टर यांनी दोन पानांची कथा रचली. तीत सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन या दोघांना उचलून जिनीव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे करतो आणि युद्ध संपते. हिटलरच्या एस.एस. दलाच्या साप्ताहिकाने या कथेवर आणि सीगलच्या ज्यू असण्यावर आगपाखड केली. म्हणजे बाण वर्मी लागला होता. परंतु कथेतले युद्ध दोन पानांत संपले, खरे मात्र संपेना. डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि लेखकांची खरी कोंडी झाली. सुपरमॅनने बर्लिन जिंकल्याचे आज छापावे, तर उद्याच्या वर्तमानपत्रात मृत सैनिकांची यादी येणार. ज्या घरातला मुलगा परत येणार नाही, त्या घराने ती कथा कोणत्या मनाने वाचावी? आणि त्याला स्वस्थ बसवावे, तर तो भित्रा ठरणार.

यावर 1942 मध्ये वर्तमानपत्रातील चित्रमालिकेत एक तोड निघाली. सुपरमॅनचे लौकिक रूप म्हणजे क्लार्क केंट हा वार्ताहर. तो सैन्यभरतीला जातो. पण उत्साहाच्या भरात त्याची नजर भिंत भेदून जाते आणि पुढचा तक्ता सोडून तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचतो. डॉक्टर त्याला नापास करतात. ही युक्ती हास्यास्पद वाटेल. परंतु तिच्या जोडीला जो विचार मांडला गेला तो हास्यास्पद नव्हता: हे युद्ध आपले सैनिक स्वतःच जिंकतील, त्यांना सुपरमॅनची गरज नाही. ज्याचे श्रेय त्याच्याकडेच राहू दिले. मुखपृष्ठांवर सुपरमॅन शत्रूशी झुंजत राहिला, पण आतल्या कथांत तो बहुधा देशातच राहिला. आणि 1943 साली त्याचा निर्माता सीगल स्वतः सैन्यात दाखल झाला.

शरीराला मर्यादा घालण्याचा दुसरा मार्गही याच काळातला. नायकाला दुबळे करणाऱ्या धातूची कथा सीगलने 1940 मध्ये लिहिली होती. ती छापली गेली नाही. 1943 मध्ये नभोवाणीवरील श्रुतिकेत ‘क्रिप्टोनाइट’ नावाचा खनिज पदार्थ आला, आणि 1949 मध्ये तो चित्रकथेत शिरला. सोय मोठी होती, म्हणून तिचा अतिरेक झाला. हिरवे, तांबडे, निळे, सोनेरी असे त्याचे प्रकार निघाले. इकडे नायक ग्रह ढकलू लागला, काळाच्या मागेपुढे जाऊ लागला. तिकडे प्रत्येक चोराच्या खिशात तो खडा सापडू लागला. शेवटी 1971 मध्ये डेनी ओ’नील या लेखकाने पृथ्वीवरील सगळ्या क्रिप्टोनाइटचे लोखंड करून टाकले आणि नायकाची शक्तीही घटवली. पुढच्यांनी दोन्ही पुन्हा वाढू दिली. 1986 मध्ये जॉन बर्न यांना पुन्हा कात्री लावावी लागली.

या इतिहासातून एक गोष्ट दिसते. बाहेरून आणलेली मर्यादा कथेपुरती चालते, पण ती झिजते. कारण खडा दूर केला की प्रश्न सुटतो. टिकते ती नायकाने स्वतः पत्करलेली मर्यादा. भीष्मांना इच्छामरण होते. त्यांना जिंकले ते कोणत्याही अस्त्राने नव्हे, तर शिखंडीवर शस्त्र न धरण्याच्या त्यांच्याच निश्चयाने. म्हणून ते पडतात तेव्हा आपण हळहळतो, हिरण्यकशिपू पडतो तेव्हा नाही.

युद्धकाळातील त्या चित्रकथाकारांनी नकळत हेच साधले. आपल्या नायकाला काय करता येत नाही यापेक्षा त्याने काय करू नये, हे त्यांना ठरवावे लागले, आणि ते ठरवताना समोर होता तो ज्याच्या घरी तार येऊ शकत होती असा वाचक. काल्पनिक देवाचे सामर्थ्य लेखक कितीही वाढवू शकतो. पण वाचकाच्या खऱ्या दुःखावर खोटा उतारा देण्याचा अधिकार त्याला नाही. त्या देवाची खरी सीमा तीच.