अंबेजोगाईची कुमारी राज्ञी

ग्रीकांची हेरा आणि रोमनांची जूनो ह्या दोघी देवलोकींच्या राण्या. हेरेला ‘बासिलेइया’ आणि जूनोला ‘रेजिना’ अशीं बिरुदें होतीं. दोहोंचा अर्थ राणी असाच आहे. कवींच्या कथांत हें राणीपद त्यांस पतीमुळें मिळालेलें दिसतें. झ्यूस देवांचा राजा म्हणून हेरा राणी, ज्युपिटर राजा म्हणून जूनो राणी. बीड जिल्ह्यांत अंबेजोगाई येथें जी देवी नांदते तिचें लग्नच झालें नाहीं, आणि तरीहि तिचें नांव योगेश्वरी. ईश्वराची पत्नी ती ईश्वरी, हा त्या शब्दाचा एक अर्थ. जी स्वतःच सत्ता चालविते ती ईश्वरी, हा दुसरा. अंब्यास हा दुसराच अर्थ घ्यावा लागतो.

कथा सर्वांच्या तोंडीं आहे. योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैद्यनाथाशीं ठरला. परळी तेथून अवघ्या २५ किलोमीटरांवर. कोंकणांतून वऱ्हाड निघालें, परंतु वाटेंत वेळ गेला आणि मुहूर्त टळला. वऱ्हाड होतें तेथेंच दगड होऊन राहिलें आणि देवी जयंती नदीच्या कांठीं कुमारी म्हणून स्थिरावली. गांवाजवळ हत्तीखाना नांवाचें लेणें आहे. त्यांतील दगडी हत्ती त्याच वऱ्हाडाचे, असें लोक मानतात. इतिहासाच्या दृष्टीनें तें खडकांत कोरलेलें शैव लेणें होय. पण ज्या लेण्यांत शिवाचा नंदी बसला आहे त्यालाच लोकांनी शिवाच्या फसलेल्या लग्नाची साक्ष मानावें, ही गंमत सोडून देण्यासारखी नाहीं. माहात्म्यकार निराळें कारण देतो. त्याच्या मतें देवी अवतरली ती दंतासुराच्या वधासाठीं, लग्नासाठीं नव्हे.

आतां ग्रीसकडे पाहिलें, तर तेथील राणीहि कवी म्हणतात तितकी पतिपरायण नव्हती असें आढळतें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतला प्रवासी पौसानियस सांगतो कीं, नॉप्लिया येथें कानाथोस नांवाचा झरा असून त्यांत हेरा दरवर्षीं स्नान करिते व पुन्हां कुमारी होते, असें आर्गोसचे लोक म्हणत. स्टिम्फालोस येथें तिचीं तीन देवळें होतीं. एक कन्येचें, एक विवाहितेचें आणि एक विधवेचें. झ्यूस तर अमर! मग हेरा विधवा कशी? ती झ्यूसशीं भांडून स्टिम्फालोसला परत आली म्हणून, असा खुलासा पौसानियस करितो. प्लाटिया गांवींहि तिच्या रुसव्याचा उत्सव होत असे. झ्यूसनें एका लांकडी बाहुलीस नवरी म्हणून नटविलें, हेरेनें धांवत येऊन तिचीं वस्त्रें फाडलीं, आणि आंत लांकूड पाहून तिचा राग निवळला, अशी त्यामागची कथा.

ह्यावरून पूर्वीच्या पंडितांनी असें अनुमान काढिलें कीं, हेरा ही मूळची स्वतंत्र देवता असून झ्यूसला मानणाऱ्या लोकांनी मागाहून तिला त्याच्या गळ्यांत बांधिलें. ऑलिंपिया येथील हेरेचें देऊळ इ. स. पूर्व ६०० च्या सुमाराचें. झ्यूसचें मोठें देऊळ त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी उभें राहिलें, हा एक पुरावा ते देत. परंतु पायलोस येथें सांपडलेल्या मृत्तिकापट्टिकांची लिपि १९५२ सालीं उलगडली, आणि इ. स. पूर्व १२०० च्या सुमारासच झ्यूस व हेरा यांचीं नांवें शेजारीं शेजारीं लिहिलेलीं आढळलीं. तेव्हां लग्न झालें असलें तर तें फारच जुनें. तरीहि त्या लग्नाआधींच्या कुमारीचा विसर लोकांस पडला नव्हता, हें कानाथोसच्या झऱ्यावरून उघड होतें.

रोमची गोष्ट राजकारणाची आहे. इ. स. पूर्व ३९६ मध्यें कामिल्लुस ह्या सेनापतीनें वेई हें एत्रुस्कन नगर जिंकिलें. तेथील राणी जूनोची मूर्ति नेण्यास निवडक तरुण स्नान करून, शुभ्र वस्त्रें नेसून गेले. रोमला येतेस काय, असें त्यांतल्या एकानें विचारिलें, आणि देवीनें मान हलविली असें बाकीचे ओरडले. तें थट्टेनें विचारिलें कीं भक्तीनें, ह्याचा निवाडा लिव्ही करीत नाहीं. इ. स. पूर्व ३९२ मध्यें अव्हेंटाइन टेंकडीवर तिचें देऊळ झालें. नगर पडलें, राणी जेत्याच्या घरीं गेली.

योगेश्वरी कोठेंच गेली नाहीं. सत्ताच तिच्या दारावरून गेल्या. यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर याचे तेथील शिलालेख शके ११५० चे, म्हणजे इ. स. १२२८ चे आहेत. त्याचा पुत्र राम रणांत पडला. त्याच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मी हिनें शके ११६२ मध्यें तेथें नारायणाचें देऊळ बांधिलें. पुढें यादव गेले, सुलतान आले, निजामी आली. गांवास मोमिनाबाद म्हणूं लागले. १९४८ सालीं निजामीहि गेली.

मूर्ति हलली नाहीं, पण तिचें राज्य सह्याद्रि ओलांडून गेलें, आणि तें सैन्याबरोबर नव्हे. योगेश्वरी ही कोंकणांतल्या कित्येक चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी आहे. त्याचें कारण असें सांगतात कीं, परशुरामानें त्या लोकांसाठीं अंब्याच्या मुली मागितल्या, तेव्हां वडीलधाऱ्यांनी अट घातली : मुली देऊं, पण कुलदेवी आमची मानावी. हा इतिहास नव्हे. तरीहि सासरच्यांनी सुनेच्या देवीला मान तुकवावी, ही अट विलक्षण खरी. जिचें स्वतःचें लग्न मोडलें तीच लेकींच्या लग्नांतून दूरवर राज्य मिळविते.

ह्या घरांतून लग्नानंतर वा अपत्यजन्मानंतर बोडण भरतात. परातींत देवी ठेवून सवाष्णी पुरण, दूध, दहीं, तूप, मध कालवितात. त्यांत एक कुमारिका असते. देवीला आणखी काय हवें, हें तिला विचारतात. ती दूध म्हणाली तर दूध, दहीं म्हणाली तर दहीं, पुरे म्हणेपर्यंत घालीत राहावयाचें. सात-आठ वर्षांच्या त्या मुलीपुढें घरांतल्या थोर बायका हात जोडून असतात. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत अंब्यास उत्सव भरतो, तेव्हां ह्याच घरांतल्या सुना ओटी घेऊन घाट चढून येतात.