सत्तावीस मैल

ऑकलंड, २७ नोव्हेंबर १९७९ची रात्र. कॅप्टन जिम कॉलिन्स घरी उद्याच्या उड्डाणाचे नकाशे पसरून बसलेत, तुम्ही मागून डोकावताय. ९ तारखेच्या ब्रीफिंगमध्ये दाखवलेला अंटार्क्टिकाचा मार्ग मॅकमर्डो सामुद्रधुनीवरून जातो. खाली गोठलेला सपाट समुद्र, एरेबस ज्वालामुखी डावीकडे, लांब.

पहाटे एअर न्यूझीलंडच्या कचेरीत चला. मार्गाच्या रेखांशात १६६च्या जागी १६४ पडलं होतं आणि चौदा महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता ते दुरुस्त होतंय. फरक दोनेक मैलांचा, असा समज. प्रत्यक्षात मार्ग २७ मैल पूर्वेला सरकून थेट एरेबसवर जातो. (म्हणजे इतके दिवस चुकलेला आकडाच विमानं सांभाळत होता!) वैमानिकांना कुणी सांगत नाही.

दुपारी तुम्ही डीसी-१०च्या कॉकपिटमध्ये. विमानात २५७ माणसं. सकाळी हाती आलेले नवे आकडे संगणकात भरलेले. दोन्ही बाजूंना काळे कडे दिसतात, मॅकमर्डोच्या तोंडाशी दिसावेत तसेच; पण हा एरेबसच्या पायथ्याचा लुईस उपसागर आहे. समोर नुसतं पांढरं. धुकं नाही, हवा स्वच्छ. मात्र ढगांखालच्या उजेडात बर्फाच्या चढाला सावलीच पडत नाही, तो मैदानासारखा दिसतो. डोंगर समोर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी दिसत नाही. उंची १५०० फूट. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजतो तेव्हा सहाएक सेकंद उरलेत.

जून १९८०. सरकारचे मुख्य अपघात निरीक्षक रॉन चिपिंडेल यांचा अहवाल हातात घ्या: आपण नेमके कुठे आहोत याची खात्री नसताना कॅप्टन खाली उतरत गेले. किमान उंचीचा नियम मोडला, हे खरंच. पण अशाच खालून उडालेल्या फेरीचं वर्णन कंपनीने स्वतः छापून वाटलं होतं. आणि खात्री नव्हती, हे कशावरून? कंपनीने दिलेल्या मार्गावर विमान चोख चाललं होतं.

एप्रिल १९८१मध्ये चौकशी आयोगाचे न्यायमूर्ती पीटर महॉन हेच म्हणतात: मुख्य कारण, न कळवता बदललेला मार्ग. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी संगनमताने खोटी साक्ष दिली, असंही ते लिहितात. तो ठपका प्रिव्ही कौन्सिल (तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) १९८३मध्ये पुसते, कारण अधिकाऱ्यांना बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती. मेलेल्या कॅप्टनला ती कुणी दिली होती?

२८ नोव्हेंबर २०१९. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न सरकारतर्फे माफी मागतायत. अपघात झाला तेव्हा विमान कंपनी सरकारच्याच मालकीची होती.